बशीतला घोट

गफूर चहा करायचा, प्यायचा नाही. हे तो स्वतःच सांगायचा, थोड्या अभिमानाने. हलवाई कधी जिलबी खाताना दिसतो का, असं वर विचारायचा. घरी सकाळी रशिदा, त्याची बायको, एक कप चहा करायची. त्यातला वरचा अर्धा ती त्याच्या बशीत ओतायची आणि खालचा अर्धा स्वतः घ्यायची. लग्नापासून असंच चाललं होतं. त्याच्या लेखी दिवसाचा चहा तेवढाच.

प्रकाशा गावी तापीच्या घाटाकडे रस्ता जिथे उतरू लागतो, तिथे कडुनिंबाखाली त्याची टपरी. देवळात येणारे लोक आधी त्याच्याकडे थांबत. घाटावर रक्षा सोडून आलेले लोक नंतर थांबत. ते गफूरला लांबूनच ओळखू यायचे. धोतराची किंवा पँटची खालची किनार ओली असायची, आणि कप हातात घेतल्यावर ते कपाकडे न पाहता नदीकडे पाहत बसायचे. त्यांच्या पातेल्यात तो चिमूटभर साखर जास्त टाकायचा. त्याबद्दल कोणाशी बोलायचा नाही.

पातेलं उतरवण्याआधी तो पळीने घोटभर चहा बशीत घ्यायचा, बशी हलकेच फिरवायचा आणि ओठांशी नेऊन आवाज न करता ओढायचा. मग एक तर गॅस बंद व्हायचा, नाही तर आणखी आलं ठेचलं जायचं. सकाळच्या पहिल्या गाडीपासून दिवेलागणीपर्यंत जितकी पातेली उकळायची तितके घोट. पण तो चहा पिणं नव्हे. ते काम होतं. सुतार रंधा मारल्यावर लाकडावरून बोट फिरवतो, तसं.

एक महिना मात्र त्याची बशी कोरडी राहायची. रमजानात तो रोजे ठेवायचा आणि टपरीही चालवायचा. तहानेने जीभ टाळूला चिकटलेली असताना तो दिवसभर इतरांसाठी आलं ठेचत बसायचा. फार वर्षांपूर्वी अशाच एका रमजानात त्याने एका पातेल्यात साखर दोनदा टाकली होती. रक्षा सोडून आलेला एक म्हातारा पहिल्या घोटानंतर कप तसाच ठेवून निघून गेला. गफूरला ते फार लागलं. बाकावर भाईदास बसला होता. त्याने बशी उचलली आणि पुढचं पातेलं स्वतः चाखलं. तेव्हापासून रमजानपुरती ती बशी भाईदासची.

भाईदास गुजर पाटील, नदीकाठच्या केळीचा मालक. दोघांचं बालपण एकाच वाळूत गेलेलं. जिभेने तो बऱ्यापैकी चाखायचा, पण त्याला चहाची सवय नव्हती. घरी सकाळी एकच कप, आणि तोही दुधाळ. त्यामुळे रमजानभर त्याच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्याची बायको जसोदाबाई गल्लीत सगळ्यांना सांगायची की रोजे तिकडे आणि जागरण आमच्या घरात, खाटेची करकर ऐकून माझेच कान दुखतात. भाईदास टपरीवर येऊन तांबारलेल्या डोळ्यांनी म्हणायचा, "तुन्हा रोजा, मन्हा जागरण." गफूर म्हणायचा की पाटलाला एवढं तरी पुण्य लागू दे. ईदच्या सकाळी भाईदास बशी धुऊन परत द्यायचा, शीरखुर्मा खायचा, आणि घरी जाऊन दुपारपर्यंत मेल्यासारखा झोपायचा.

दोन वर्षांपूर्वी गफूरच्या कमरेत काहीतरी येऊन बसलं. आधी वाटलं वाकून वाकून दुखतंय. मग ते रात्री दुखू लागलं, मग नमाजात. नाशिकला नेलं तेव्हा कळलं की गाठ दुसरीकडे होती आणि कमरेच्या हाडात नुसती राहायला आली होती. ती आता जाणार नव्हती. नाशिकचे उपाय झाले, केस गेले, परत आले. दुखणं राहिलं. ते हाडाच्या आत कोणी हळूहळू पाणी तापवत असल्यासारखं होतं, उकळी न येणारं.

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मॉर्फिनची गोळी सुरू केली. हळूहळू विरघळणारी, एक पहाटे, एक संध्याकाळी. मोडायची नाही, चघळायची नाही. बाई सावकाश बोलायच्या, समोरच्याला कळलं की नाही हे पाहत. त्यांनी सांगितलं की या गोळीने गुंगी येईल, आणि ती किती येते यावरूनच आम्हाला कळतं की गोळी जास्त होते आहे का. म्हणून झोप आली तर लपवायची नाही आणि तिला पळवायलाही काही घ्यायचं नाही. चहा कमी करा, म्हणाल्या.

गफूरने घरी येऊन सकाळची अर्धी बशी सोडली. रशिदाला वाईट वाटलं. ती आता अख्खा कप एकटीने प्यायची आणि म्हणायची की पोट भरतं पण चहा प्यायल्यासारखं वाटत नाही. गफूरचा मात्र त्यात निश्चय होता. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी चहाचं विचारलं तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं, "चहा सोडला, मॅडम." झोप येते का? नाही. दिवसभर काम करता? हो. बाईंनी त्याचे टक्क उघडे डोळे पाहिले. दुखणं वाढलं होतं, गुंगी दिसत नव्हती. त्यांनी गोळी वाढवली. थंडीत आणखी एकदा वाढवली.

टपरीवर पातेली उकळत होती आणि बशी फिरत होती.

गोळीने दुखणं गेलं नाही, पण लांब गेलं, पलीकडच्या काठावर बसल्यासारखं. आणि मध्ये जी जागा मोकळी झाली तिथे एक स्वप्न येऊन राहिलं. धरण होण्याआधीची तापी. उन्हाळ्यात पात्र उघडं पडायचं आणि वाळूत डांगराच्या, म्हणजे कलिंगडाच्या, वाड्या लागायच्या. गफूरच्या वडिलांची वाडी संगमाच्या बाजूला होती. वाळू वरून भाजायची, पण हात कोपरापर्यंत खुपसला की आत थंड, ओली. स्वप्नात तो त्या वाळूतून चालत असायचा. पुढे पोरगेला भाईदास, काखेत डांगर. वडील कुठे दिसायचे नाहीत, पण खोकल्याचा आवाज यायचा. आता ती सगळी वाळू पाण्याखाली आहे, हे त्याला स्वप्नातही माहीत असायचं. तरी पाय कोरडे असायचे. डोळे उघडले की समोर टपरी, वर निंब, हातात बशी. पुढचा घोट ओढला की वाळू विरून जायची.

फाल्गुनात उन्हं तापू लागली. ऊस भरलेले ट्रॅक्टर पुलावरून जात होते. रमजानचा चांद दिसला.

रशिदाने आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा रोजे नाहीत. मौलवीसाहेबांनाही विचारून आली होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की आजारी माणसाला सूट आहे, आणि जो बरा होणार नाही त्याने एकेका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावं. गफूरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की पुढचा रमजान मला दिसेल असं तुला वाटतं का? त्याला हा एक महिना पुरा करायचा होता, टपरीवर बसून, जागेपणी, नेहमीसारखा. एवढंच त्याने मागितलं. गोळ्यांची अडचण नव्हती. एक पहाटे सहरीच्या जेवणावेळी, एक संध्याकाळी रोजा सोडताना. गोळीसुद्धा रोजा ठेवते, तो हसून म्हणाला. गोळी तीच, वेळ जवळपास तीच. मग डॉक्टरीणबाईंना विचारायचं तरी काय?

पहिल्या दिवशी त्याने बशी भाईदासच्या हातात दिली.

त्या आठवड्यात गफूर सुखी दिसत होता. बाकावर टेकून बसलेला, चेहरा सैल. कमरेवर हात नाही, ओठ आवळलेले नाहीत. गिऱ्हाइकं म्हणायची की रमजानची बरकत आहे, दुखणं उतरलं. सकाळी डोकं जड असायचं, पण ते उपाशीपणामुळे, असं सगळ्यांनी ठरवलं. हाक मारली की तो बघायचा, पण त्याची नजर वाटेत कुठेतरी थांबून यायची. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. रशिदाने त्या पाहिल्या आणि तिला त्या आवडल्या नाहीत, एवढंच तिला कळलं.

दुपारी तो घरी येऊन आडवा व्हायचा. रशिदा शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि त्याचा श्वास ऐकायची. श्वास यायचा, जायचा, मग घरात शांतता व्हायची. माठातलं थेंबथेंब पाणी ऐकू यायचं. तिच्या हातातला तांदूळ थांबायचा. मग पुन्हा श्वास यायचा, लांबून, उंबरठ्यावर अडखळल्यासारखा.

"सो रहे के जा रहे?" ती मोठ्याने विचारायची. "बता के तो जाओ."

बऱ्याच वेळाने तो म्हणायचा, "सो रहा." आणि तिला राग यायचा, कारण त्या उत्तरात हसू असायचं.

त्याला आत काय दिसत होतं हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. वाळू आता विरत नव्हती. पूर्वी ती घोटागणिक मोडायची. आता ती सलग होती, काठापासून काठापर्यंत, दिवसभर. वेल पसरले होते. डांगरं वाळूत अर्धी रुतलेली, आत लाल असल्याचं बाहेरूनच कळावं अशी. भाईदास पुढे चालत होता आणि मागे वळून बघत नव्हता. पायांखाली वाळू ओली होत होती. पाणी येत होतं, पण इतकं हळू की भीती वाटत नव्हती. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. श्वास घ्यायला हवा असं त्याला आठवायचं, आणि मग वाटायचं, घेऊ की, घाई काय आहे.

इकडे भाईदास झोपत नव्हता. रात्र रात्र छपराकडे बघायचा आणि सकाळी टपरीवर येऊन बशी हातात घेतली की त्याच घोटाने उजेड डोळ्यांत शिरायचा. समोर गफूर पेंगत असायचा. भाईदासने थट्टा केली की आपल्या दोघांची झोप तू एकटाच खातोस. गफूर हसला. पण हसणं उशिरा आलं, भाईदास दुसरीकडे बघू लागल्यावर.

ते घडलं तो दिवस असा तर काही वेगळा नव्हता. दुपारची नमाज झाली होती. ऊन निंबाच्या पानांतून गळत होतं. गफूर त्या दिवशी घरी गेला नाही, कारण धुळ्याकडची एक गाडी रक्षा घेऊन घाटावर उतरली होती आणि ती माणसं वर आली की त्यांना चहा लागणार होता. त्याने पातेलं चढवलं, साखर टाकली, चिमूटभर जास्त टाकली आणि बाकावर टेकला. भाईदास केळीला पाणी द्यायला मोटर सुरू करून परत आला तेव्हा त्याला आधी वास आला. पातेल्यातलं दूध उतून गेलं होतं आणि तळाशी साखर काळी पडली होती. गफूरच्या टपरीवर आजवर पातेलं उतू गेलेलं नव्हतं.

"गफूर, ऊठ रे. चहा जयी गया."

गफूर बसलेलाच होता, हात मांडीवर, चेहऱ्यावर तेच सुख. ओठ जांभळे होते. भाईदासने गॅस बंद केला, खांदा हलवला, गालावर चापट मारली. छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. मग हलली. मग पुन्हा तो वाट पाहत राहिला. घाटावरून ओल्या किनारीची माणसं वर येत होती. त्यांनी पाहिलं आणि न सांगता गफूरला उचलायला हात लावले. इंद्रसिंगची भाड्याची जीप पुलाच्या तोंडाशीच उभी असायची; तिच्यात गफूरला घातलं, वाटेत घरून रशिदाला घेतलं. भाईदास वाटभर त्याच्या कानाशी बोलत होता, शिव्या देत होता, डोळे उघडायला लावत होता.

"श्वास ले. ले ना रे. आखो एक ले."

वाळूत चालणाऱ्या गफूरला तो आवाज ऐकू आला. पुढे चाललेला पोरगा पहिल्यांदाच मागे वळला आणि त्याचा चेहरा म्हातारा होता. गफूरला आश्चर्य वाटलं. आश्चर्याने त्याने श्वास घेतला.

नंदुरबारला डॉक्टरीणबाईंनी सुई दिली. ती सुई गोळीचा अंमल ओढून बाहेर काढते. थोड्याच वेळात गफूरचे डोळे उघडले, बाहुल्या मोठ्या झाल्या, आणि पलीकडच्या काठावर बसलेलं दुखणं एका उडीत परत आलं. तो ओरडला. आतापर्यंत दुखण्याने ओरडला नव्हता. रशिदा दाराशी उभी होती. ती ओरड ऐकून ती रडली, आणि नंतर सांगायची की आनंदाने रडले, मला लाज वाटते पण तसंच.

तो स्थिर झाल्यावर बाई खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक विचारू लागल्या. गोळी चुकून दोनदा घेतली? नाही, रशिदा स्वतः देते. मोडून घेतली? नाही. झोपेचं दुसरं औषध, दारू, कोणाचा काढा? गफूरने कानाला हात लावला. मग त्यांनी विचारलं की गेल्या काही दिवसांत बदललं काय. रोजे, रशिदा म्हणाली. बाईंनी मान हलवली. पाणी कमी पडलं की गोळीचा अंश मूत्रावाटे नीट बाहेर जात नाही, साचतो, हे त्यांनी सांगितलं. पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. इतके महिने हा माणूस एवढ्या गोळीवर टक्क जागा कसा होता, हे त्या स्वतःशीच बोलल्या.

भाईदास कोपऱ्यात उभा होता. झोप न झाल्याने त्याचे डोळे जळत होते. त्या जळणाऱ्या डोळ्यांनी तो गफूरकडे बघत होता, आणि एकाएकी त्याला वाटलं की गफूरची जाग आपल्याकडे आली आहे.

"मॅडम," तो म्हणाला, "हा चहा पीत नाही. पण चाखतो."

म्हणजे किती, बाईंनी विचारलं. भाईदासने हाताची ओंजळ बशीसारखी केली आणि एवढा, असं दाखवलं. मग म्हणाला, "दर पातेल्याला. दिवसभर. रमजान लागल्यापासून ते मी करतो, तर मला झोप नाही."

गफूर बायकोकडे आणि मित्राकडे आळीपाळीने बघत होता, चोरी पकडल्यासारखा, आणि चोरी कोणती हे न कळल्यासारखा.

"मी चहा पेस नही," तो भाईदासला म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "चाखस. तुले माहीत शे."

बाई रागावल्या नाहीत. मी कप विचारले, त्या म्हणाल्या, घोट विचारायला हवे होते. मग त्यांनी समजावलं. चहा गोळीची ताकद मोडत नाही. तो फक्त वरून डोळे उघडे ठेवतो, आत गोळी तिचं काम करतच असते. दिवसभराच्या घोटांनी तुमची गुंगी झाकली होती, म्हणून मला वाटलं गोळी पुरत नाही, आणि मी वाढवत गेले. रोजे लागले, चहा निघाला, आणि गोळीचं सगळं वजन एकदम छातीवर आलं. त्यात पाणी नाही. आता गोळी कमी करू, हळूहळू पुन्हा माप शोधू. चहा घ्यायचा तर ठरलेला घ्यायचा, रोज तेवढाच, एकाएकी सोडायचाही नाही. आणि रोजे नाहीत.

शेवटचं वाक्य ऐकून गफूरने तोंड भिंतीकडे फिरवलं. रशिदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने भिंतीकडे बघूनच विचारलं की गरिबाला जेवू घालायचं ते आजपासून धरायचं की रमजानच्या पहिल्या दिवसापासून. रशिदा म्हणाली की पहिल्यापासूनच घालू, कमी कशाला. घाटावर भुकेली माणसं कधी संपत नाहीत.

तो घरी आला तेव्हा दुखणं थोडं अलीकडे सरकलेलं होतं. पूर्वीइतकं लांब नाही, पूर्वीइतकं जवळही नाही. हाक मारली की तो लगेच उत्तर द्यायचा. टपरीवर सकाळपुरता जाऊन बसायचा, आलं ठेचायचा, आणि पातेलं उतरायच्या आधी सवयीने बशीकडे हात जायचा. भाईदास बशी बाजूला सरकवायचा. रमजानात लोकांसमोर गफूरला काही खायला-प्यायला लाज वाटायची, म्हणून पाणी प्यायला तो निंबामागे जायचा, रोजा नसलेला माणूस रोजेदारासारखा.

ईदच्या सकाळी भाईदास आला. धुतलेला सदरा, तांबारलेले डोळे. बशी राखेने घासून चकचकीत केली होती. त्याने शीरखुर्मा खाल्ला, वाटी चाटूनपुसून ठेवली आणि बशी पुढे केली.

"हाई ले तुन्ही अमानत."

गफूरने बशी घेतली नाही. दोन बोटांनी ती परत भाईदासकडे सरकवली.

"ऱ्हाऊ दे तुन्हाकडेच."

"मंग माले झोप कव्हय येई?"

"पाटील, तुन्हा वाटानी झोप मी लिसू," गफूर म्हणाला. "मन्हा वाटानं जागरण तू कर."

भाईदासने बशीकडे पाहिलं. ती त्याला जड वाटली असावी. जसोदाबाईला काय सांगायचं, असं काहीसं तो पुटपुटला, आणि बशी सदऱ्याच्या खिशात घालून निघाला. बशी खिशात मावत नव्हती. अर्धी बाहेर राहिली, उन्हात चमकत.

तो गेल्यावर रशिदाने दोन कप चहा आणला. डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलेला सकाळचा कप आता गफूरचा स्वतःचा होता, अख्खा. इस्पितळातून आल्यापासून तो दरवेळी सवयीने वरचा अर्धा घ्यायचा आणि कप खाली ठेवायचा. उरलेला रशिदा संपवायची. आज ती म्हणाली की पूर्ण घ्या, ईद आहे, आणि मॅडमनी रोज तेवढाच म्हटलंय, अर्धा नाही.

तो पीत गेला. अर्ध्यानंतरचा चहा त्याच्या ओळखीचा नव्हता. आल्याचा तिखटपणा वरच राहिला होता. खाली रंग दाट होता, आणि अगदी तळाशी, न विरघळलेली साखर. ती जिभेवर आली तेव्हा तो थांबला. आयुष्यभर त्याने चहा वरून ओळखला होता. तळ इतका गोड असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याने रशिदाकडे पाहिलं. इतकी वर्षं खालचा अर्धा तिचा होता. तिने कपात तोंड लपवलं, पण खांदे हलत होते. ती हसत होती.

मग डोळे मिटून तो भिंतीला टेकला. वाळू आली, थोडीशी, पायांपुरती. पाणी लांब होतं.

"सो रहे के?" रशिदाने विचारलं.

त्याने रिकामा कप जमिनीवर वाजवला.

ती दुसऱ्यांदा विचारणार होती. तिने त्याचा श्वास ऐकला, न अडखळणारा, आणि विचारलं नाही.